चिमूटभर मशेरी

माझं काम काय ते सांगितलं की माणसं आधी आवाज खाली करतात, इकडेतिकडे बघतात आणि मग विचारतात, "म्हणजे शाळेतल्या पोरींना बाळंतपणाचं शिकवतेस?" नाही हो. बाळंतपणाचं बघायला हॉस्पिटल आहे. मी त्याच्या आधीचं सांगते. बाळ पोटात यायच्या आधी, लग्नाच्याही आधी, शरीर कसं ठेवायचं, कुठल्या तपासण्या करायच्या, काय खायचं आणि काय अजिबात खायचं नाही. नववी-दहावीच्या मुलामुलींना. विक्रोळी, घाटकोपर, भांडुप, कधीतरी मुलुंड. सात वर्षं झाली आणि अजून वर्गात शिरताना माझ्या हाताला घाम सुटतो, तीन जिने चढून धाप लागलेली असते ती वेगळीच.

भीती कसली ते आधीच सांगून टाकते, म्हणजे सुटले. मी स्वतः नववीत शाळा सोडली. अठराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी मुलगी. दहावीच्या वर्गात मी पहिल्यांदा गेले ती शिकवायलाच. फळ्यावर काही लिहायची वेळ आली की मी एखाद्या पोरीला बोलावते, "ये गं, तुझं अक्षर चांगलं आहे, तू लिही." तिला वाटतं ताईंनी मान दिला. 'हिमोग्लोबिन' हा शब्द मी चपात्या लाटता लाटता पाठ केला, तेव्हा माझी मुलगी दोन वर्षांची होती, ती पण लाटणं घेऊन 'मोगोबिन, मोगोबिन' करत घरभर फिरायची.

तरी मला घेतलं, कारण आमच्या संस्थेच्या कांबळे मॅडमना वस्तीतल्याच बायका हव्या होत्या. त्या बोलल्या, "डॉक्टर आला की पोरी खाली बघतात. तू गेलीस तर तुझ्याकडे बघतील." हे मात्र खरं निघालं.

आमच्याकडे एक मोठा फ्लिप चार्ट असतो. बारा चित्रं. पहिल्या चित्रात एक मुलगी, शेवटच्या चित्रात तीच मुलगी, नवरा आणि गुबगुबीत बाळ. मधल्या चित्रांमध्ये अंगातलं रक्त, वजन, वय, रुबेलाची लस, लग्नाआधी दोघांनीही रक्त तपासणं, असं सगळं. मला स्वतःला सगळ्यात जास्त धक्का बसला तो फोलिक ॲसिडच्या गोळीच्या चित्राने. बाळाचा मणका पहिल्या महिन्यातच तयार होतो. म्हणजे पाळी चुकली, मग आठ दिवस वाट बघितली, मग नवऱ्याला सांगितलं, मग सासूला, मग डॉक्टरकडे गेलो, तोवर मणका बनून गेलेला असतो. गोळी त्याच्या आधी सुरू करायची असते. आणि आधी म्हणजे कधी, तर ते सांगायला आपल्याकडे कोणी येतच नाही. लग्न झाल्यावर लोक विचारतात, गोड बातमी कधी? रक्त किती आहे गं तुझं, असं कोणी विचारतं का? म्हणून मग शाळेत. एकदा शाळा सुटली की या पोरी परत एका जागी सापडत नाहीत.

एका शाळेच्या हेडसरांनी मला ऑफिसात बसवून पाणी दिलं आणि बोलले, "ताई, फळ्यावर फक्त 'पोषण' लिहा. बाकीचं तोंडी होऊ द्या." त्यामुळे अर्ध्या शाळांच्या रजिस्टरमध्ये मी पोषणवाली बाई आहे. भाजी, गूळ, खजूर. दुसऱ्या एका शाळेत एक आई भाजीची पिशवी घेऊन थेट वर्गात. "माझी पोरगी घरी येऊन बोलते मला फोलिक पायजे! पंधरा वर्षांची पोरगी! कुणाशी लफडं लावून दिलंस गं तिचं?" मी पार गारठले. चार्ट पोटाशी धरून उभी. शेवटी मागून एक पोरगी ओरडली, "काकी, लफडं नाय, व्हिटॅमिन आहे ते!" सगळा वर्ग हसला, काकी पण हसल्या, आणि जाताना हळूच मला विचारलं, "मला पण चक्कर येते गं, मला मिळेल का काही?"

मुलग्यांना पण बसवायचं असा मॅडमचा नियम. पहिल्याच तासाला एकाने हात वर केला, "ताई, मला कुठे पोट राहणारे?" वाट लागली, वर्ग दहा मिनिटं हातात नाही. मग मला पण चेव आला, मी बोलले, "बाळ काय तिचं एकटीचं असतं का रे? गुटखा तू खाणार आणि तपासायला फक्त तिने जायचं?" त्यावर तो खाली बसला. मला त्या दिवशी वाटलं, जमतंय की आपल्याला. झकास जमतंय.

हे सगळं ऐकायला बरं वाटतं. संस्थेच्या कार्यक्रमात मी हेच सांगते आणि लोक टाळ्या वाजवतात. पण या अंकासाठी लिही म्हटल्यावर मी ठरवलं की ज्याला टाळ्या नाहीत ते लिहायचं.

चार्टातलं आठवं चित्र तंबाखूचं. त्यात एक माणूस सिगारेट ओढतोय, बाजूला गुटख्याची पुडी, दारूची बाटली, तिन्हीवर लाल फुली. त्याच्यासोबत एक फॉर्म असतो, तंबाखू खाता का, हो की नाही. पोरी खुदूखुदू हसत 'नाही' वर खूण करतात. शंभरातल्या शंभर. आणि खोटं नाही लिहीत त्या. कारण मशेरीला आपल्याकडे कोणी तंबाखू बोलतच नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, भाजताना अख्ख्या चाळीला ठसका लागतो, मग कुटून बारीक पूड करायची आणि बोटाने दातांना लावायची. कोणी मिश्री बोलतं, आमच्याकडे मशेरी. आता तयार पुड्याच मिळतात. सकाळी तोंड धुताना लावायची, जेवल्यावर लावायची, डोकं दुखलं, कंटाळा आला, भांडण झालं, लावायची. बायकांच्या कमरेला नाहीतर पर्समध्ये डबी असतेच. पुरुष तंबाखू खातात ते व्यसन. आम्ही दात घासतो.

मी बारा वर्षांची असताना दाढ दुखली म्हणून आईने पहिल्यांदा लावून दिली. गरोदर राहिले तेव्हा उलट्यांनी हैराण झाले, तर आईच बोलली, "स्वाते, चिमूटभर लाव, मळमळ थांबते." आणि थांबायची हो. मग दिवसातून सात-आठ वेळा. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तंबाखू, गुटखा काही?" मी बोलले, "छे छे मॅडम!" मला राग पण आला त्यांचा. मुलगी आठव्या महिन्यातच झाली, दीड किलोची, एकवीस दिवस पेटीत होती. काचेच्या बाहेर उभी राहून मी तिच्याकडे बघायचे आणि मध्येच बाहेर जिन्यात जाऊन मशेरी लावून यायचे. सगळे बोलले, नशीब. मी पण बोलले, नशीब.

मग दोन वर्षांनी संस्थेत लागले आणि ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी कांबळे मॅडम आठव्या चित्रापाशी थांबल्या. "हे चित्र अपुरं आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून रक्तात जाते, रक्तातून बाळाला. बाळ वाढत नाही, लवकर होतं, कधी पोटातच जातं. चित्रात नाही, पण तुम्ही प्रत्येक वर्गात तोंडी सांगायचं. कळलं?" आम्ही सहा जणी होतो. सगळ्या बोललो, "हो मॅडम." मला पुढचं काही ऐकू आलं नाही. डबी माझ्या पर्समध्ये होती. जेवायची सुट्टी झाली तेव्हा आमच्यातल्या तिघी मागच्या मोरीत गेल्या, तिसरी मी. एकमेकींकडे बघितलं नाही. लावली आणि तोंड धुऊन परत येऊन बसलो.

वर्गात मी ते कधीच सांगितलं नाही. प्रत्येक वेळी ठरवायचे, आज सांगू. पण आठवं चित्र आलं की वाटायचं, सांगितलं आणि एखादीने विचारलं, ताई तुम्ही लावता का, तर? माझ्या तोंडाला वास येतो तर? आणि सांगायला लागले तर पेटीचं पण सांगायला लागेल, ते तर मी रात्रंदिवस स्वतःलाच सांगत नव्हते. मग मी पटकन पान उलटायचे. नववं चित्र पालेभाजीचं.

प्राची मला भेटली ती विक्रोळीच्या एका महापालिकेच्या शाळेत, दहावीत. तोंडाने फटकळ, पण डोकं एकदम तेज. मी एक सांगितलं की ती तीन विचारायची. "ताई, दोघांनी रक्त तपासायचं, पण मुलगा नाय बोलला तर?" मी बोलले, "तर तू पण नाय बोल." ती बोलली, "लिहून घेते हां, नंतर पलटी नाय मारायची." तिच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या नखाकडेला काळी रेघ होती. बाकी कोणाला ती शाई वाटली असती. मी बघितली, आणि माझं बोट मी चार्टाच्या मागे घेतलं.

चौथ्या तासानंतर वर्ग रिकामा झाला आणि ती गालावर हात धरून थांबली.

"ताई, दाढ ठणकतेय. तुमच्याकडे असेल ना?"

"काय असेल?"

"काय ताई. वास येतो की. आमची आजी लावते, मी पण लावते. आज डबी घरी राहिली."

आमच्याकडे कोणी मशेरी मागितली तर नाही बोलायचं नसतं. सासूशी बोलणं बंद असलं तरी ती डबी पुढे करते आणि आपण चिमूटभर घेतो. भांडणं अशीच मिटतात. न देणारी बाई म्हणजे शिष्ट. माझा हात आपसूक पर्समध्ये गेला. एवढंच मला त्या वेळी सुचलं की दार लोटून घ्यावं. मी दार लोटलं, तिच्या तळहातावर चिमूटभर ठेवली, तिने लावली, खिडकीतून थुंकली आणि बोलली, "बरं वाटलं. ताई, तुम्ही एकदम आपल्यातल्या आहात."

आणि मला आनंद झाला. झाला, खोटं का बोलू. मला वाटलं, मॅडम बोलल्या होत्या तसंच झालं, पोरगी माझ्याकडे बघतेय, खाली नाही. त्यानंतर अजून दोन-तीन वेळा दिली मी तिला. ती दुसऱ्या पोरींना सांगायची, "ताई सांगतात ते ऐका गं, ताईंना सगळं माहितीये."

शाळा सुटली तरी प्राची फोन करत राहिली, माझी मुलगी पेटीत होती एवढं तिला बोलण्यातून कळलं होतं. विसाव्या वर्षी लग्न ठरलं, भांडुपचा मुलगा. सासू बोलली, रक्त कशाला तपासायचं, आमच्यात कोणाला काही नाही. ही बोलली, आमच्या ताईंनी सांगितलंय, तपासल्याशिवाय साखरपुडा नाय. तपासलं दोघांनी. लस घेतली. अंगात रक्त कमी होतं ते गोळ्या खाऊन वर आणलं. फोलिक तीन महिने आधीपासून. नवऱ्याचा गुटखा सोडवला. मी हे संस्थेत सांगितलं तर कांबळे मॅडम प्रत्येक मीटिंगला तिचं उदाहरण द्यायच्या आणि माझ्याकडे हात करायच्या, "प्राची म्हणजे हिची मुलगी." मी मान खाली घालायचे, लोकांना वाटायचं लाजते.

गेल्या वर्षी आठव्या महिन्यात तिच्या पोटातलं हलणं थांबलं. मुलगा होता.

मी भेटायला गेले नाही. ताप आहे असा निरोप दिला. मग दीड महिन्याने दुपारची तीच माझ्या घरी आली, प्लास्टिकच्या पिशवीत फाईल घेऊन. बारीक झाली होती. मी मुलीला शेजारी पाठवलं. प्राची खाली बसली आणि एकेक कागद फरशीवर मांडायला लागली.

"हे बघा ताई. हे लग्नाआधीचं रक्त. हे नवऱ्याचं. ही लस. ह्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या, मी ठेवल्यात सगळ्या. डॉक्टर बोलतात, बाळाची वाढ कमी होती, कारणं पुष्कळ असतात, नक्की सांगता येत नाय. तुम्ही सांगा. माझं काय करायचं राहिलं?"

मी कागद बघत होते. वाचत नव्हते, नुसती बघत होते.

"पुढच्या वेळी काय वेगळं करू, तेवढं सांगा. तुम्ही बोलाल ते करीन."

बोलता बोलता तिने कमरेची डबी काढली, बोटावर घेतली, दातांना लावली. आणि मग, सवयीने, डबी माझ्यापुढे केली. "घ्या."

मी त्या डबीकडे बघितलं. घेतली असती तर ती घरी गेली असती, मला ताईच बोलत राहिली असती, पुढच्या खेपेला पुन्हा सगळ्या तपासण्या करून पुन्हा तेच. मला तिचं पुढचं बाळ दिसलं, आणि मला फार भीती वाटली, पण ही भीती वेगळी होती.

मी बोलले, "प्राची, ही तंबाखू आहे."

"कोणती?"

"ही. मशेरी. बाळाला लागते. वाढ होत नाही त्याची. तुझं त्यानेच झालं असं मी नाही बोलत, डॉक्टरांनाच माहीत नाही तर मला कुठून असणार. पण लागते एवढं खरं."

तिच्या तोंडात अजून मशेरी होती, ती उठून मोरीत थुंकून आली.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

इथे मला खोटं बोलता आलं असतं. हल्लीच कळलं, बोलले असते तर संपलं असतं.

"तुला दिली त्याच्या आधीच."

"शाळेत दिली तेव्हा माहीत होतं?"

"हो."

"आणि तुमची पेटीत होती ती?"

"तेव्हा माहीत नव्हतं. नंतर कळलं."

ती कागद गोळा करायला लागली. एकावर एक, कडा जुळवून, फार हळू. मी मदतीला हात पुढे केला तर बोलली, "राहू द्या." मग फाईल छातीशी धरून उभी राहिली.

"ताई, मी सासूशी भांडले तुमच्या नावाने. नवऱ्याचा गुटखा सोडवला, तो रडायचा हो रात्री डोकं धरून, मी बोलायचे ताईंनी सांगितलंय. मला पण सांगितलं असतंत तर मी सोडली नसती का? तेवढं एक बोलायचं होतं तुम्ही."

ती चप्पल घालून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कांबळे मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू शाळेत, वर्गात, एका मुलीला तंबाखू दिलीस. कळतंय का तुला, स्वाती?" मी बोलले, "कळतंय." त्या बोलल्या, "मी तुला काढून टाकायला पाहिजे." तीन महिने मला एकही वर्ग दिला नाही, ऑफिसात बसून जुने फॉर्म लावायला दिले. शंभरातले शंभर 'नाही'. त्या तीन महिन्यांत मी मशेरी सोडली. सोपं नाही ते. पोट साफ होत नाही, डोकं फुटतं, मुलीवर विनाकारण ओरडायचे, ती बिचारी वही घेऊन शेजारी जाऊन बसायची. ती नऊ वर्षांची आहे आता, वर्गात सगळ्यात लहान दिसते, दोन जिने चढली की माझ्यासारखीच धापा टाकते. त्याला मशेरी कारण आहे की नाही ते मला कोणी नक्की सांगत नाही. मी विचारायचं पण सोडलंय.

मग एक दिवस मॅडम बोलल्या, "उद्यापासून भांडुपच्या शाळेत जा. पण आता जाशील ती हे सांगायलाच." त्यांनी फॉर्म पण बदलला. आता त्यात लिहिलंय, मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा. तो फॉर्म पहिल्यांदा वर्गात वाटला तेव्हा एकेक पोरगी पेन घेऊन खाली वाकली. किती जणींनी 'हो' लिहिलं ते मी इथे सांगत नाही, त्यांनी मला विश्वासाने लिहून दिलंय.

प्राचीची आई मला कधीतरी मार्केटात भेटते. ती तोंड फिरवत नाही, एवढं बरं. मागच्या वेळी बोलली, "सोडायचं चाललंय तिचं. आठ दिवस सोडते, मग परत लावते. घरात सगळ्याच लावतो ना आम्ही, तिने तरी काय करावं?" मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलते का?" ती कोथिंबीर निवडत बसली, आणि मला उत्तर कळलं. मी दोनदा फोन केला होता. तिसऱ्यांदा केला नाही.

आता आठव्या चित्रापाशी मी पान उलटत नाही. सगळं सांगते. दाढ दुखली तेव्हापासून पेटीपर्यंत, आणि मग शाळेतल्या त्या मुलीला मी स्वतःच्या हाताने दिली ते पण, नाव न घेता. आणि प्रत्येक वर्गात, एकही वर्ग सुटला नाही, कोणीतरी विचारतंच, "ताई, मग त्या मुलीचं काय झालं?"

मी सांगते, तिचं बाळ गेलं. आता ती सोडायला बघतेय. माझ्याशी बोलत नाही.

परवा घाटकोपरच्या शाळेत पहिल्या बाकावरची एक पोरगी हे ऐकून बोलली, "बरोबरच आहे तिचं."

मी बोलले, "हो गं. बरोबर आहे."